नाण्यांकडून पदकांकडे: पहिलं ऐतिहासिक स्मृतिपदक घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणी जमवणाऱ्याला कधी ना कधी पदकाची भूल पडतेच. नाणेप्रदर्शनात टेबलापाशी, फोनवर आणि फोटो पाठवून लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाणं आणि पदक यांत नेमका फरक काय? दोन्ही टाकसाळीतच बनतात ना?

टाकसाळ एक असू शकते, यंत्रही एक असू शकतं. फरक मूल्याचा. नाण्यावर सरकार किंमत लिहितं आणि ती चुकती करण्याची हमी देतं. पदकावर किंमत नसते, ते कधीच चलन नव्हतं. त्यामुळे नाण्याच्या सवयी इथे पुरत नाहीत. रुपयाचं वजन ठरलेलं असतं, ११.६६ ग्रॅम म्हणजे ११.६६. एकच पदक मात्र सोनं, चांदी, ब्राँझ आणि कथील अशा चार धातूंत निघालेलं असू शकतं. मिंटमार्क (टाकसाळीची खूण), वर्षं, दुर्मीळतेचे आकडे असं सगळं छापलेलं पुस्तक उघडलं आणि भाव वाचला, हे सुख पदकांत फारसं नाही.

२. मेडल, मेडॅलियन, टोकन, बिल्ला. या सगळ्याला पदकच म्हणायचं का?

बाजारात सगळ्यालाच ‘मेडल’ म्हणतात, त्यावर वाद घालू नका. स्वतःपुरतं इतकं लक्षात ठेवा: छातीवर लावायचं, कडी आणि फीत असलेलं ते मेडल. हातात धरून बघायचं, मोठं, कडी नसलेलं ते मेडॅलियन. टोकन म्हणजे कशाच्या तरी बदल्यात द्यायचा तुकडा, गिरणीच्या कँटीनचा किंवा ट्रामचा. देवळाबाहेर मिळणाऱ्या रामटंक्यांचा प्रकार चौथाच (प्रश्न १३ पाहा).

३. युद्धात मिळालेलं पदक हे स्मृतिपदक धरायचं का?

नाही. मोहिमेत भाग घेतला म्हणून मिळतं ते मोहीमपदक, शौर्यासाठी मिळतं ते शौर्यपदक. राज्याभिषेक, दरबार, ज्युबिली (राजवटीचा वर्धापन), विजय यांची आठवण म्हणून काढलं ते स्मृतिपदक. सीमारेषा धूसर आहे हे खरं. श्रीरंगपट्टणचं पदक (प्रश्न १५) विजयाचं स्मारकही आहे आणि लढलेल्यांना दिलेलंही आहे.

हा प्रश्न मला बहुतेक वेळा ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकामुळे येतो. त्याच्या फितीवर चढवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर असई, आडगाव, गाविलगड, खडकी, कोरेगाव, महिदपूर अशी आपल्या मुलखातली नावं इंग्रजी धाटणीने कोरलेली असतात, म्हणून मराठी माणूस त्याच्याकडे ओढला जातो. पण ते मंजूर झालं १८५१ मध्ये, म्हणजे असईच्या लढाईनंतर ४८ वर्षांनी, आणि तोवर जिवंत राहून मागणी करणाऱ्यालाच मिळालं. साहजिकच खरी फार थोडी आहेत, आणि खोट्या पट्ट्या चढवलेली बरीच. पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

४. मग पहिलं पदक कोणतं घ्यावं? एकच नाव सांगा.

दिल्ली दरबार १९११, चांदीचं.

माझं हे मत ऐकून मुरलेले संग्राहक नाक मुरडतात, कारण हे पदक दुर्मीळ नाही. तेच त्याचं मोठेपण आहे. सोन्यात २०० आणि चांदीत २६ हजारांवर नग निघाले. त्यामुळे बाजारात ते येत राहतं, भावांची तुलना करता येते, आणि आज दहा नग हाताळले तर अकरावा खोटा असेल तो बोटांनाच कळतो. शिकायला असंच पदक हवं.

दिसायला कसं, तर व्यास सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या चांदीच्या रुपयापेक्षा चांगलंच मोठं. दर्शनी बाजूला फुलांच्या वेढ्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी, दोघंही मुकुट घालून डावीकडे बघणारे, एकाच्या मागे एक. मागच्या बाजूला माणूस नाही, सगळा फारसी मजकूर: हिंदुस्थानचा बादशहा, इंग्रजांच्या मुलखाचा स्वामी पंचम जॉर्ज याचा दरबार, अशा अर्थाचा. वर गोल कडी. फीत गडद निळी, मधोमध दोन बारीक लाल रेघा.

दरबार भरला १२ डिसेंबर १९११ रोजी. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायची घोषणा याच दरबारातली, बंगालची फाळणी रद्द झाली तीही इथेच. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या या चकतीला इतिहासाचा आधार भक्कम आहे, विक्रेत्याने रचलेल्या गोष्टीची गरज नाही.

५. दरबाराची पदकं तीन आहेत म्हणे. ओळखायची कशी?

१८७७, १९०३ आणि १९११. पहिलं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याचं. ते ५८ मिलिमीटरचं धूड आहे, गळ्यात घालायचं, आणि त्याच्या मागे पदवी तीन लिप्यांत आहे, त्यात आपली देवनागरीही. १९०३ चं सप्तम एडवर्डचं, उजवीकडे बघणारा एकटा राजा आणि फिकट निळ्या फितीवर तीन गडद निळ्या रेघा. १९११ चं वर सांगितलंच.

घोटाळा होतो तो १९११ च्याच राज्याभिषेक पदकाशी. लंडनमधल्या २२ जून १९११ च्या सोहळ्याचं हे पदक, राजा-राणीचं तेच चित्र, फीतही तीच. पण ते ३२ मिलिमीटरचं आणि मागे फारसी अक्षरं नाहीत. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फोटोसोबत मोजपट्टी ठेवायला सांगा. ‘मोजपट्टी सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तोही एक खुलासाच समजा.

६. किती पैसे मोजावेत?

आकडा देत नाही, कारण चांदी उड्या मारते आणि आज लिहिलेला आकडा सहा महिन्यांत हास्यास्पद होतो. रीत सांगतो. आधी पायाभाव काढा: पदकाचं वजन गुणिले त्या दिवसाचा चांदीचा भाव. याखाली कोणी खरं पदक विकत नाही, कारण तसं असेल तर तो ते सोनाराला देईल. मग लिलावांचे जुने निकाल बघा, पण सांगितलेली किंमत नको, प्रत्यक्षात ज्या किमतीला विकलं गेलं ती हवी. पाच-सहा निकालांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. मधला पट्टा म्हणजे तुमचा भाव.

लिलावात बोली लावताना हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावगृहाचा प्रीमियम (त्यांची जादा आकारणी) आणि प्रीमियमवर कर लागतो, शिवाय पोस्टेज. दहा हजारांची बोली घरी येईपर्यंत बारा-तेरा हजारांवर जाऊ शकते. नियमावलीचं ते बारीक अक्षरांतलं पान बोलीच्या आधी वाचायचं असतं, नंतर नाही.

७. विकत कुठून घ्यावं? जुना बाजार, प्रदर्शन की लिलाव?

पहिलं पदक प्रदर्शनातून घ्या. दहा टेबलं एका छताखाली असतात, हातात घेऊन बघता येतं, आणि एकाच्या टेबलावरचा नग दुसऱ्याला दाखवून मत विचारता येतं (विकणाऱ्याला सांगून, गुपचूप नाही). पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे फिरायला जरूर जा, नजर तयार होते, पण पहिल्या खरेदीचे पैसे घरी ठेवून जा. लिलाव हा दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीचा मार्ग.

पावती मागा, आणि तीवर ‘जुनं मेडल’ इतकंच नको. पदकाचं नाव, साल, धातू, वजन आणि ‘अस्सल नसल्यास परत’ हे शब्द लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याचं पदक कितीही गोजिरं असलं तरी राहू द्या.

८. खरं की खोटं, हे नवशिक्याला कसं कळणार?

आधी माझी फजिती सांगतो. माझं पहिलं ‘१९११’ मी एका प्रदर्शनात घेतलं, ते डबीमुळे. जांभळी मखमल, पितळी कुलूपकडी, झाकणाच्या आत झिजलेलं सॅटिन. डबी खरीच जुनी होती. पदकाकडे मी बघितलं नाही, डबीत ठेवलेलं ते खरंच असणार असं धरून चाललो. आठवड्याने गल्लीतल्या सोनाराकडे नेलं. त्याने कसोटीच्या दगडावर घासलंसुद्धा नाही, तळहातावर दोनदा उडवलं आणि म्हणाला, ‘जर्मन सिल्व्हर. चांदी याच्या शेजारूनही गेलेली नाही.’ घरी येऊन भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं: राणीचे केस पिठल्यासारखे एकजीव बसलेले, फारसी अक्षरांच्या मुळाशी बारीक बारीक खड्डे, आणि कडेला बोट फिरवलं की एका जागी नख अडकतंय.

ती तीन लक्षणं अजूनही पहिली बघतो. अस्सल पदक पोलादी ठशांनी दाबून पाडलेलं असतं, त्यामुळे अक्षर जिथे पृष्ठभागातून उठतं तिथला कोन धारदार असतो. खोटं बहुधा ओतीव असतं, खऱ्यावरून साचा घेऊन वितळलेला धातू ओतलेला. त्यात कोन गोलावतात, हवेचे बुडबुडे खड्डे सोडून जातात, आणि साच्याची दोन अर्धुकं जिथे जुळली तिथे कडेवर शिवण राहते, मग ती कानशीने घासलेली असते. कड आधी बघा, चेहरा नंतर.

चौथी खूण मापाची. धातू थंड होताना आकसतो, म्हणून खऱ्यावरून ओतलेली नक्कल व्यासाने किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घेण्याचं साधन, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भिंग दहापट मोठं दाखवणारं पुरे.

९. चांदी आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं का? कसोटीवर घासू द्यायचं नाही मला.

येतं, आणि ओरखडाही न पाडता. दोन दशांश स्थळं दाखवणारा छोटा काटा, पाण्याची वाटी आणि दोरा हवा. पदक कोरडं तोला. मग वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, पदक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल तो पदकाने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे धातूची घनता.

समजा कोरडं वजन ३०.०० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २.९० आला. भागाकार १०.३४. शुद्ध चांदी १०.४९, स्टर्लिंग म्हणजे ९२५ टंचाची १०.३६ च्या आसपास. म्हणजे तुमचं पदक चांदीचं. साडेआठ ते नऊच्या घरात आलं तर तांब्याचं, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त) किंवा क्युप्रोनिकेल (तांबं आणि निकेल). सव्वासातच्या जवळ आलं तर कथील. पदकाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढायला विसरू नका, नाहीतर खरी चांदीही नापास होते.

लोहचुंबकाला चिकटलं तर खोटं हे बरोबर. चिकटलं नाही म्हणून खरं, हे चूक. पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर काहीच चिकटत नाही. आणि चांदी आहे म्हणजे पदक अस्सल, असंही नाही. चांदीत ओतलेल्या नकला असतात, त्यांच्यासाठी प्रश्न ८.

१०. कडी काढून टाकलेलं किंवा ब्रोच केलेलं पदक घ्यावं का?

स्वस्त मिळत असेल आणि तुम्हाला तेवढंच परवडत असेल तर घ्या, पण भाव निम्म्याहून खाली मागा. डोक्यावर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, कड भिंगाखाली तपासा. डाग दिल्याची (सोल्डर केल्याची) करडी गाठ किंवा घासलेला सपाट तुकडा दिसला तर कडी गेलेली आहे किंवा नंतर बसवलेली आहे. मागच्या बाजूला पिनेच्या डागाच्या दोन खुणा असतील तर कुणीतरी त्याचा ब्रोच केला होता. एके काळी ही हौस फार होती.

अपवाद श्रीरंगपट्टणच्या पदकाचा. ते मुळात कडीशिवायच दिलं गेलं आणि ज्याने त्याने आपापल्या सोनाराकडून कडी बसवून घेतली. तिथे वेगवेगळ्या कड्या हा दोष धरत नाहीत.

११. फीत नवी आहे. पदकाची किंमत कमी होते का?

फारशी नाही. रेशमी फीत शंभर वर्षांत विरतेच. जुनी विरलेली फीत असेल तर ती फेकू नका, पाकिटात वेगळी ठेवा. रंग आणि रेघा मात्र त्या पदकाच्याच हव्यात.

१२. पदक काळं पडलंय. साफ कसं करू? आणि ठेवू कशात?

करू नका. काळेपणा म्हणजे चांदीवर बसलेला गंधकाचा पातळ थर, तो पदकाचं नुकसान करत नाही. चिंच, राख, भांड्यांची पावडर आणि टूथपेस्ट मात्र धातूच खरवडतात. आमच्या घरी दसऱ्याला देवघरातल्या उपकरणांबरोबर माझी दोन पदकं उजळली गेली. आईने किती मायेने घासली होती! राजाच्या दाढीचा एकेक केस होता, तो सपाट झाला. बोलणार काय?

हिरवा चिकट थर असेल तर गोष्ट वेगळी. तो बहुधा पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून आलेला असतो. हे प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडतं. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये पदक बुडवून ठेवा, न घासता बाहेर काढा, वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात सुगंध आणि तेलं असतात. फीत आधी काढून घ्या.

ठेवायला मायलारचं (आम्ल न सोडणाऱ्या पॉलिस्टरचं) पाकीट किंवा मापाची कडक कॅप्सूल. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांत गंधक असतं, ते शेजारीही नको. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी डब्यात सिलिका जेल टाकावं आणि पावसाळ्यात दर महिन्याला ते वाळवावं. कडेने धरा, चेहऱ्यावर अंगठा ठेवू नका. आज न दिसणारा ठसा दोन वर्षांनी तपकिरी होऊन उमटतो आणि मग जात नाही.

१३. आमच्या घरी ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं, मारुतीची छाप असलेलं पदक आहे. कोटींना जातं असं ऐकलं. खरं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात कमी लोकांना आवडतं. कंपनीने मारुती, रामपंचायतन, कमळ किंवा ॐ असलेलं एकही नाणं किंवा पदक काढलेलं नाही. एका बाजूला देव आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८’ असे तुकडे खूप नंतर बनवलेले आहेत. गंमत म्हणजे त्यावर जी अर्ध्या आण्याची धाटणी उचलली आहे ती १८३५ नंतरची. कोटींचे व्हिडिओ बनवणाऱ्यांना ‘मग तुम्हीच घ्या’ असं म्हणून बघा.

रामटंका ही वेगळी, प्रामाणिक गोष्ट. देवळात वाहायची, पूजेत ठेवायची मुद्रा. तिच्यावरची सालं मनाची असतात, पण जुने चांदीचे रामटंके सुंदर असतात आणि त्यांचे वेगळे संग्राहकही आहेत. देवघरात असेल तर तिथेच राहू द्या.

१४. शिवराज्याभिषेकाचं १६७४ चं पदक विकायला आलंय. घेऊ का?

१६७४ चं म्हणून घेऊ नका. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या नावाने होन आणि शिवराई पाडल्या गेल्या. तो नाण्यांचा काळ होता, प्रसंगाची आठवण म्हणून व्यक्तिचित्राचं पदक काढण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. ती युरोपातली, १४३८ च्या सुमारास इटलीत पिसानेल्लो या चित्रकाराने बायझंटाइन सम्राटाचं पदक ओतलं तिथपासूनची. तेव्हा महाराजांचा चेहरा आणि १६७४ साल एकत्र असलेलं जे काही दिसतं ते आधुनिक आहे.

आधुनिक म्हणजे वाईट नव्हे. ३०० व्या आणि ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने निघालेली पदकं ती निघाली त्याच तारखेची म्हणून घ्या, धातूच्या आणि कारागिरीच्या भावाने घ्या. ‘किल्ल्यावर सापडलं’ असं कुणी म्हणालं तर प्रश्न १६ वाचून दाखवा.

१५. टिपूचा पाडाव दाखवणारं, सिंह वाघाला लोळवतोय असं पदक अडीच हजारात मिळतंय. खरं असेल?

अडीच हजारात? नाही.

पण प्रश्न छान, कारण हे हिंदुस्थानशी जोडलेल्या पदकांतलं मला सर्वांत देखणं वाटतं. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. एका बाजूला ब्रिटिश सिंह टिपूच्या वाघावर चढलेला, वर फडकणाऱ्या निशाणावर अरबी अक्षरं, खाली रोमन आकड्यांत तारीख. दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला आणि तळाशी फारसी मजकुरात हिजरी १२१३. ठसे कोरले कॉनराड हाइनरिख कुक्लरने, पाडलं बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत. व्यास ४८ मिलिमीटर. नंतर कलकत्ता टाकसाळीतही निघालं, ते ४५ मिलिमीटरचं आणि कामात थोडं ढोबळ. दोन्ही खरीच, माप वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका.

धातू हुद्द्याप्रमाणे. सेनापतींना सोनं, त्याखाली सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथील. कथलाचं पदक मऊ असतं, खिशात राहिलं तरी झिजतं. संख्येने सगळ्यात जास्त दिलं गेलं ते हेच, पण चांगल्या अवस्थेतलं मिळणं सोपं नाही. मी एकदाच हाताळलं. वाघाचे पट्टे गेलेले होते, पण सिंहाचा पंजा अजून रुतलेला दिसत होता. हातात इतकं हलकं, की खेळणंच वाटावं. बाजारातल्या चकचकीत नकला बहुधा पितळी असतात आणि त्यांतला वाघ मांजरासारखा दिसतो.

१६. शंभर वर्षांहून जुनं पदक बाळगणं कायदेशीर आहे का? परदेशात मुलाकडे पाठवता येईल का?

बाळगणं, विकत घेणं कायदेशीर आहे. परदेशी पाठवणं नाही. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली वस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. १९११ चं पदक २०११ मध्येच या हद्दीत आलं. न्यू जर्सीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत ‘आजोबांची आठवण’ म्हणून सरकवू नका. विमानतळावर आठवण सांगून सुटका होत नाही. १९३५ च्या ज्युबिलीचं किंवा १९४७ चं असेल तर ते अजून शंभरीत नाही, पण अडवलं तर ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं, म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तसं प्रमाणपत्र आधी घ्या.

नांगरताना, पाया खणताना सापडलेल्या वस्तूला दुसरा कायदा, १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीत दडलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा आजवर तशीच आहे.

१७. कडेवर नाव कोरलेलं आहे. त्याने किंमत वाढते की घटते?

कुठल्या पदकावर, ते बघा. दरबार १९११ बिननावाचं दिलं गेलं. त्यावर नाव असेल तर ते मालकाने स्वतःच्या खर्चाने कोरून घेतलेलं. नाव ओळखीचं निघालं तर वाढ, नाहीतर फार फरक नाही.

याउलट १९४७ चं स्वातंत्र्यपदक. हे १५ ऑगस्ट १९४७ रोजी सैन्यात असलेल्यांना दिलं गेलं: एका बाजूला अशोकचक्र आणि त्यावर ब्रिटिश मुकुट, भोवती जॉर्ज सहाव्याची पदवी, दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह. स्वतंत्र देशाचं चक्र आणि परक्या राजाचा मुकुट एकाच चकतीवर, असा तो संधिकाल. ते क्युप्रोनिकेलचं आहे, फीत केशरी-पांढरी-हिरवी, आणि कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. ते नाव घासून दुसरं ठोकलं असेल तर पदक गेलं. कॅलिपरने चार ठिकाणी व्यास मोजा, घासलेल्या जागी आकडा खाली येतो. तुमचं बजेट अगदीच लहान असेल तर १९११ ऐवजी यापासून सुरुवात करा.

१८. ही सगळी गुलामीची पदकं. ती का जमवायची?

हे मला एका शिक्षकांनी जरा रागानेच विचारलं होतं, आणि रागात चूक काही नाही. माझं उत्तर इतकंच की पदक देणाऱ्याची बाजू सांगतं, ती आपण मान्य करावी असं नाही. १८७७ च्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातमागाच्या खादीत गेले होते. रत्नजडित संस्थानिकांच्या गर्दीत एक माणूस जाडाभरडा पोशाख घालून उभा. १९११ मध्ये सयाजीराव गायकवाड बादशहापुढे एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालू लागले, त्यावरून केवढा गहजब झाला. १९११ चं पदक हातात घेतलं की मला फारसी ओळींच्या आधी ती पाठ आठवते. ज्यांना हे नकोसं वाटतं त्यांनी जमवू नये.

१९. नाव असलेलं पदक मिळालं. त्या शिपायाच्या घरच्यांना शोधून परत द्यावं का?

कायद्याने बंधन नाही. मी एकदा प्रयत्न केला. १९४७ चंच पदक, मराठा पलटणीतल्या एका नाईकाचं. पलटणीचं केंद्र बेळगावला आहे. नंबर आणि नाव लिहून पत्र पाठवलं, आणि आडनावावरून जो तालुका वाटला तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारत राहिलो. वर्षभराने नातू सापडला. पदक आजोबांनीच विकलं होतं, बैलाच्या पैशांसाठी, आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं. ‘आता परत घेऊन काय करू, तुमच्याकडेच राहू द्या, फक्त फोटो पाठवा’, असं तो म्हणाला. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा, नाव नीट वाचता येईल असा, फोटो पाठवला.